कंपूचं कूळ आयर्लंडात

जामनेरला निवडणुकीचं वारं सुटलं की कोण कोणाच्या कंपूत गेला याचीच चर्चा. आज कंपू म्हणजे टोळकं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कंपू म्हणजे महादजी शिंद्यांची कवायती फौज होती. डी बॉयनने ती उभी केली, त्याच्यामागे पेराँने चालवली, १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रजांपुढे ती हरली. इथवर सगळ्यांना ठाऊक आहे.

मला खिळवून ठेवलं ते डी बॉयनच्या पहिल्या नोकरीने. सव्हॉय प्रांतातल्या शांबेरीचा हा पोरगा १७६८ मध्ये फ्रेंच फौजेत शिरला, पण शिरला तो क्लेअर रेजिमेंटमध्ये. ही पलटण आयरिश ब्रिगेडची. १६९१ च्या लिमरिकच्या तहाच्या आगेमागे हजारो आयरिश शिपाई देश सोडून फ्रान्सच्या राजाकडे गेले, त्यांची ही ब्रिगेड. इंग्रजांशी वैर धरलेल्या या लोकांच्या हाताखाली डी बॉयन बंदूक धरायला, रांगेत चालायला आणि इंग्रजी बोलायलाही शिकला. म्हणून सगळे जिला ‘फ्रेंच कवायत’ म्हणतात, तिला मी निम्मी आयरिश म्हणतो.

यावर जाणकार हटकतात. डी बॉयन पुढे रशियाच्या बाजूने तुर्कांशी लढला, मग मद्रासला खुद्द इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होता. देशी शिपायांची पलटण कशी बांधायची हे तो तिथेच शिकला असणार. शिवाय फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीतला इब्राहिमखान गारदी त्याच्या कितीतरी आधीचा. दोन्ही मुद्दे खरे. तरी पहिल्या उस्तादाने लावलेलं वळण सहसा सुटत नाही, असं माझं मत. याला कागदाचा पुरावा माझ्यापाशी नाही, आणि मत बदलायची इच्छाही नाही.

नावाचा वाद वेगळाच. कोणी म्हणतं, हा इंग्रजी ‘कॅम्प’. कोणी फ्रेंचकडे बोट दाखवतं. पण फ्रेंच माणूस त्या शब्दातला ‘प’ उच्चारतच नाही, मग आपल्या तोंडी तो आला कुठून? पोर्तुगीज ‘कांपु’मध्ये ‘प’ही आहे आणि शेवटचा उकारही. पोर्तुगीज आपल्याकडे इंग्रज-फ्रेंच दोघांच्याही आधीचे. माझ्यापुरता निकाल लागला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कंपू नावाची वस्ती अजून आहे.

आता जरा कल्पनेचे घोडे. आयरिश बंडखोरांनी फ्रान्सकडे फौज मागितली होती. डिसेंबर १७९६ मध्ये फ्रेंच जनरल होश सुमारे १५ हजार सैनिक घेऊन निघाला. बँट्रीच्या उपसागरात वादळाने आरमार उधळलं, एकही तुकडी न उतरवता गलबतं परतली. १७९८ मध्ये दुसरा फ्रेंच जनरल हुम्बेर उतरला, पण अवघ्या हजारभर माणसांनिशी. कासलबारला जिंकला आणि पंधरवड्यात शरण गेला. होश उतरला असता तर? लंडनला घरच्या दाराशीच इतकी फौज अडकवावी लागली असती की हिंदुस्थानकडे गोऱ्या पलटणी पाठवताना हात आखडला असता. असईला जिंकलेला आर्थर वेलस्ली तेव्हा इकडे यायला निघालेला होता, हे मान्य. पण असईत त्याची लढाई सावरली ती ७४ आणि ७८ नंबरच्या हायलँडर पलटणींनी. त्यांची घटलेली माणसं घरून भरून आली नसती तर काय झालं असतं, पाहा.

घडलं ते असं. आयर्लंडात बंडखोर रॉबर्ट एमेट फ्रेंच मदत येण्याआधीच उठला, फसला, आणि २० सप्टेंबर १८०३ ला डब्लिनमध्ये फासावर गेला. तीनच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आयरिश पलटणीत घडलेल्या माणसाचा कंपू असईला उभा राहिला. समोरचा सेनापती वेलस्ली, तोही जन्माने डब्लिनचाच! पेराँ तोवर शिंद्यांना सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. गोलंदाज मात्र हटले नाहीत. इंग्रज अंगावर आले तेव्हा ते तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, आणि इंग्रज पुढे सरकताच उठून त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली, जखमी झाली.

कंपू हरला, पण नालायक नव्हता. महादजींमागे गादीवर आलेले दौलतराव शिंदे आणि होळकर एकमेकांचे गळे धरून बसले होते, तिथे कवायत काय करणार? जामनेरकरांनी पहूर, फर्दापूर करत अजिंठ्याची लेणी पाहावीत, पण लगेच माघारी न फिरता घाट चढावा. भोकरदनच्या अंगाला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असई आहे, तेही बघून यावं.