हद्दीबाहेरचा कचरा : ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या शहर सफाईची दीडशे वर्षे

कल्याणला नगरपालिका १८५५ मध्ये आली आणि ठाण्याला १८६३ मध्ये. जिल्ह्याचे ठिकाण ठाणे असले तरी मान आधी मिळाला तो कल्याणला. दोन्ही गावे खाडीकाठची आणि जुन्या बंदरांची. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्यापर्यंत आली, पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत गेली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावांना नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली होती, सक्ती मात्र नव्हती. नगरपालिका म्हणजे नवी पट्टी, हे लोकांना नीट ठाऊक असल्याने बहुतेक गावांनी तिच्यासाठी उत्साह दाखवला नाही. जिथे ती आली तिथे रस्ते, दिवाबत्ती आणि झाडलोट ही तिची पहिली कामे ठरली. आजही नगरपालिकेची परीक्षा लोक याच तीन गोष्टींवर घेतात.

त्या काळी कचरा ही अडचण नव्हती, निदान आजच्या अर्थाने तरी नव्हती. १९०१ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे १६ हजार आणि कल्याणची पावणेअकरा हजारांच्या आसपास होती. घरातून बाहेर पडणाऱ्या वस्तू म्हणजे राख, शेण, पालापाचोळा, मासळीची घाण, फुटकी मडकी. कल्याणात भात सडण्याचा धंदा मोठा होता, त्यामुळे तूस आणि कोंडाही भरपूर निघे. यातले बहुतेक सारे शेतकऱ्याच्या कामाचे होते. ठाणे जिल्ह्यात भाताचे रोप तयार करण्यासाठी जमीन राबवण्याची रीत आहे. शेण, गवत, झाडाच्या फांद्या आणि पाने वाफ्यावर थरांनी पसरून उन्हाळ्याच्या शेवटी पेटवायची आणि त्या राखेत बी पेरायचे. गावचा उकिरडा असा वर्षातून एकदा आपोआप रिकामा होई.

नगरपालिकेपुढचा खरा प्रश्न मैल्याचा होता. वाड्यांच्या आणि चाळींच्या मागे टोपलीचे संडास असत. सफाई कामगाराला पुढच्या रस्त्यावरून जावे लागू नये म्हणून दोन घरांच्या ओळींमध्ये अरुंद बोळ ठेवलेला असे. पहाटे कामगार मागच्या झडपेतून टोपली ओढून घेई, पत्र्याच्या डब्यात रिकामी करी आणि डबा डोक्यावर किंवा गाडीवर घालून गावाबाहेर नेई. हे काम ठरावीक जातींच्याच वाट्याला आलेले होते. नगरपालिकांनी त्यात बदल केला नाही. उलट पगारपत्रक, मुकादम आणि हजेरी लावून त्याला सरकारी रूप दिले. घरमालकाकडून त्यासाठी वेगळी पट्टी वसूल होई. मैला आणि कचरा खड्ड्यात थरावर थर मुरवून सोनखत करायचे आणि ते शेतकऱ्यांना विकायचे, हा मुंबई इलाख्यातल्या अनेक नगरपालिकांचा उत्पन्नाचा मार्ग होता. ओल्या कचऱ्यापासून खत करण्याचे जे प्रकल्प आज कोट्यवधींच्या निविदांनी उभे राहतात, त्यांचे तत्त्व इतके जुने आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेच्या वाटेने तो पसरू लागला. कल्याण जंक्शनवर मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी सुरू झाली. १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचे, सामान बाहेर काढण्याचे आणि वस्ती रिकामी करवण्याचे अधिकार दिले. स्वच्छता ही तोवर नगरपालिकेची किरकोळ बाब होती. प्लेगने तिला आरोग्य खात्याच्या ताब्यात नेले आणि ती पुढे शंभर वर्षे तिथेच राहिली. झाडूवाल्यांचे हजेरी शेड, त्यांच्यावरचा मुकादम आणि त्याच्यावरचा सॅनिटरी इन्स्पेक्टर अशी उतरंड त्यातून पक्की झाली. घनकचरा व्यवस्थापन हा स्वतंत्र विभाग फार नंतरचा.

डोक्यावरून मैला वाहण्याची पद्धत बंद करण्याचा विचार सरकारदरबारी १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीपासून सुरू झाला. सफाई कामगारांच्या राहणीची आणि कामाच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने ही समिती नेमली होती. त्याआधीपासून कोकणात अप्पासाहेब पटवर्धन स्वतः हातात झाडू घेऊन उतरले होते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत होईल असे साधे संडास बांधून दाखवले. नगरपालिकांचे शहाणपण मात्र सावकाश आले. टोपल्या गेल्या त्या सेप्टिक टँक आणि ड्रेनेजमुळे, आणि मैला वाहून घेण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला तो १९९३ मध्ये. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळू लागली. या तरतुदीने हजारो कुटुंबांना आधार दिला. त्याच वेळी झाडूही एका पिढीकडून दुसरीकडे गेला, हेही नाकारता येत नाही.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि उल्हासनगर वसले. १९६२ मध्ये ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, पाठोपाठ डोंबिवलीला एमआयडीसी आली. मुंबईत जागा परवडेनाशी झालेला नोकरदार लोकलच्या वेळापत्रकाबरोबर ठाणे, डोंबिवली, कल्याण असा पुढे सरकत गेला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महापालिका झाली आणि बरोबर एक वर्षाने कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि आसपासची गावे एकत्र करून कल्याण महापालिका झाली. अंबरनाथ पुढे वेगळे झाले. भोवतालच्या २७ गावांचे आत-बाहेर तर आजवर चालू आहे. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास गेली होती. एका शतकात दोन्ही ठिकाणी माणसे शंभर पटींहून अधिक वाढली. कचऱ्याची जातही बदलली. राखेची जागा प्लास्टिकच्या पिशवीने, थर्माकोलने आणि बांधकामाच्या राबिटाने घेतली. भोवतीची भातशेती बिल्डरकडे गेल्यामुळे खत घेणारा शेतकरीही उरला नाही.

अशा वेळी दोन्ही पालिकांनी तोच जुना उपाय केला. गावाबाहेर, खाडीच्या कडेला सखल आणि दलदलीची जागा शोधायची आणि गाड्या तिथे रिकाम्या करायच्या. खाडीची जमीन सरकारी असल्याने फुकटची मानली जाई. भरतीचे पाणी काही वाहून नेई, भराव झाला तर आयतीच जमीन मिळे आणि तक्रार करायला तिथे कोणी राहत नसे. या हिशेबात चूक एवढीच होती की ‘गावाबाहेर’ ही जागा फार काळ गावाबाहेर राहिली नाही.

ठाण्याने दिव्याची जागा धरली. दिवा स्टेशनच्या पूर्वेला चाळी आणि इमारती झपाट्याने वाढल्या. दिव्यात घर घेणारा माणूस स्वस्त भाड्याची किंमत धुरात आणि वासात मोजत होता. डायघर येथे प्रक्रिया प्रकल्प उभारण्याचा विचार वर्षानुवर्षे कागदावर फिरत राहिला, कारण तिथल्या लोकांना तो नको होता. शेवटी २०२३ च्या सुरुवातीला दिव्याची कचराभूमी बंद झाली आणि गाड्या भंडार्लीकडे वळल्या. तिथल्या गावांनीही विरोध केला. मग वागळे इस्टेटमधल्या सी. पी. तलावाच्या हस्तांतरण केंद्रावर कचऱ्याचे ढीग साचू लागले. औद्योगिक वसाहतीत भरवस्तीत कचरा, म्हणून रहिवासी रस्त्यावर आले. त्यानंतर भिवंडी तालुक्यातल्या आतकोलीचे नाव पुढे आले. रोज हजार टनांच्या आसपास कचरा निर्माण करणाऱ्या शहराची ही नामावळ आहे. प्रत्येक नावाबरोबर एक ग्रामसभा आणि एक मोर्चा जोडलेला आहे.

कल्याणची कहाणी एकाच जागेची. आधारवाडीला, तुरुंगाच्या शेजारी, उल्हास खाडीच्या काठावर चार दशकांहून अधिक काळ गाड्या रिकाम्या होत राहिल्या. रोजचा कचरा सहाशे टनांच्या घरात गेला आणि तिथे अक्षरशः डोंगर उभा राहिला. याच काळात खडकपाडा, वायलेनगर, गंधारी या भागांत टोलेजंग संकुले झाली. जाहिरातीत खाडीचा देखावा असे, डोंगराचा नसे. उन्हाळ्यात आग लागे. ओला कचरा हवेशिवाय कुजला की मिथेन वायू तयार होतो. तो ढिगाच्या पोटात साचतो आणि एकदा पेटला की आतल्या आत धुमसत राहतो. वरून मारलेले पाणी कचऱ्याच्या थरांवरून घसरून जाते, धगीपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आग विझवायची तर जेसीबीने ढीग फोडावा लागतो किंवा माती टाकून तो भाग गाडावा लागतो. मार्च २०१८ मधल्या आगीशी अग्निशमन दल कित्येक दिवस झुंजत होते आणि कल्याण पश्चिमेला खिडक्या लावून बसावे लागले होते. या ढिगावर पोट असलेलेही लोक होते. धातू, बाटल्या आणि प्लास्टिक वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्या कचरावेचकांनी पालिकेचा कितीतरी कचरा फुकट कमी केला. त्याची नोंद कुठल्याच अंदाजपत्रकात सापडत नाही.

घनकचऱ्याचे केंद्रीय नियम २००० मध्ये आले होते. वर्गीकरण करा, प्रक्रिया करा, उरलेलेच शास्त्रीय पद्धतीने भूमीत पुरा, असे त्यांत स्वच्छ लिहिले होते. पंधरा वर्षे ते पाळले गेले नाहीत. एप्रिल २०१५ मध्ये एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली. कचरा ठेवायला जागा नसेल तर नवे कचरा करणारे का वाढवायचे, इतके सरळ तर्कशास्त्र त्यामागे होते. ही बंदी साधारण वर्षभर टिकली. देवनारच्या कचराभूमीवरील आगीनंतर २०१६ मध्ये मुंबईलाही असाच आदेश सोसावा लागला. वासाने आणि धुराने जे झाले नाही ते बिल्डरांची कामे थांबल्यावर झाले. उंबर्डे आणि बारावे येथल्या प्रकल्पांच्या फायली हलू लागल्या, अर्थात तिथल्या रहिवाशांच्या विरोधासकट.

वाट दाखवली ती मात्र कोकण किनाऱ्यावरच्या एका लहान नगरपरिषदेने. सिंधुदुर्गातले वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती, आणि २०११ मध्ये शहराची वस्ती होती जेमतेम बारा हजारांची. २०१५ पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांनी तिथे कचरा घराच्या दारातच वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. ओला, सुका, प्लास्टिक, काच-धातू असे ज्याचे त्याचे डबे, आणि एकत्र केलेला कचरा उचलायचाच नाही. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस आणि खत, सुक्या पाल्यापासून इंधनाच्या कांड्या, तुकडे केलेले प्लास्टिक डांबरी रस्त्यात. पुढे गोळा झालेला सुका कचरा वीसहून अधिक प्रकारांत छाटला जाई, कारण भंगाराच्या बाजारात वेगळ्या केलेल्या मालालाच भाव असतो. कचराभूमीवर टाकायला काही उरले नाही तेव्हा त्याच जागी बाग फुलली. ती जागा ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पर्यटकांनी समुद्र सोडून कचरा डेपो पाहायला यावे, असे कोकणात दुसरे उदाहरण नसावे.

कोकरे कर्जतमार्गे कल्याण-डोंबिवलीत घनकचरा विभागाचे उपायुक्त म्हणून आले. मे २०२०, म्हणजे ऐन टाळेबंदीत, आयुक्त विजय सूर्यवंशी यांच्या काळात ‘शून्य कचरा मोहीम’ सुरू झाली. पद्धत वेंगुर्ल्याचीच. रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवल्या. ओला कचरा रोज आणि सुका ठरलेल्या दिवशी घ्यायचा, मिसळलेला दिसला तर गाडी पुढे न्यायची. नाशिकने रूढ केलेली घंटागाडी शहरात आधीपासून होती, आता तिच्यामागे नियम आला. सोसायट्यांनी तक्रारी केल्या. काहींनी कुंडी जिथे होती त्याच कोपऱ्यावर पिशव्या टाकणे चालू ठेवले. तरीही २५ मे २०२१ रोजी आधारवाडीला कचरा टाकणे बंद झाले. न्यायालयाच्या आदेशांनी आणि अनेक आयुक्तांच्या आश्वासनांनी जे झाले नव्हते, ते वर्षभरात झाले.

मर्यादाही लवकरच दिसल्या. वेंगुर्ल्यात मुख्याधिकारी स्वतः गल्लीत उभा राहू शकतो. बारा लाखांच्या शहरात मुकादम आणि सोसायटीचा सेक्रेटरी यांच्यावरच सगळे अवलंबून असते. भाड्याने राहणारे आणि पहाटे पाचची लोकल पकडणारे घर घंटागाडीच्या वेळेला सापडत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षे पालिकेवर प्रशासक राहिला. त्यामुळे प्रभागात लोकांना समजावणारा हक्काचा माणूसही नव्हता. अधिकारी बदलले तशी शिस्त सैल पडली. रस्त्याकडेला, विशेषतः २७ गावांत आणि कल्याण-शीळ मार्गावर, ढीग पुन्हा दिसू लागले. आधारवाडीच्या जुन्या डोंगरासाठी बायोमायनिंगचा मार्ग धरला गेला, म्हणजे कचरा चाळून माती, प्लास्टिक आणि दगड वेगळे करायचे. हे काम संथ आणि खर्चाचे आहे. दारात वेगळा न केलेला कचरा तीस-चाळीस वर्षांनी वेगळा करण्याचा तो खर्च आहे आणि तो करदात्यांच्याच पैशातून होतो.