वसईचा दुभाषा

शाळेच्या मागच्या आवारातली दगडी गुहा आठवते ना? वर निळ्या पट्ट्याची मरियामाता आणि खाली गुडघे टेकलेली मुलगी. परीक्षेच्या दिवशी आपण सगळ्याजणी, घरी गणपती असो की आणखी काही, तिथे हात जोडून यायचो. ती मुलगी म्हणजे फ्रान्समधल्या लूर्दची बर्नादेत सुबिरू, गरीब गिरणीवाल्याची लेक. 11 फेब्रुवारी 1858 रोजी, 14 वर्षांची असताना, ती जळण गोळा करायला गेली आणि तिला गुहेत एक बाई दिसली. जुलैपर्यंत एकूण 18 वेळा दिसली. बर्नादेतला फ्रेंच धड येत नव्हतं. बाई माझ्या गावच्या बोलीत बोलली, तेही मला अहो-जाहो करून, असं तिने पोलिसांपासून पाद्र्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. पुढे ती मठात गेली, आजाऱ्यांची सेवा केली आणि 35व्या वर्षी वारली.

हे सगळं सिस्टरांमुळे आपल्याला पाठ होतं. नववीत मात्र वसईहून आलेली आपली एक मैत्रीण इतिहासाच्या तासाला उठून म्हणाली, "आमच्या वसईचापण एक संत आहे, तो जपानमध्ये क्रुसावर मेला." अख्खा वर्ग हसला. पुण्यात वसई म्हणजे चिमाजीअप्पा, 1739, आणि विषय संपला. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं होतं, हे बॅचला ठाऊक आहे.

नंतर मी इंजिनिअर झाले आणि पोटापाण्यासाठी जपानी शिकले. कंपनीत मला 'ब्रिज इंजिनिअर' म्हणतात. क्लायंट 'केन्तो शिमास', म्हणजे 'विचार करतो' म्हणाला, की तो बहुधा 'नाही' म्हणतोय, हे आपल्या टीमला समजावायचं. घोळ कुणाचाही असो, दोन्ही बाजू दुभाष्याकडेच बघतात. त्यामुळे गोन्सालो गार्सियाबद्दल वाचायला घेतलं, तेव्हा हसू आलं नाही.

सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगीज अमलातल्या वसईत तो जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. तिथल्या जेझुइट पाद्र्यांकडे शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी इतकं उत्तम बोलायला लागला की धर्मशिक्षणाचं काम त्याच्यावर टाकलं. मात्र जेझुइट संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. वर्षानुवर्षं राबवून घ्यायचं आणि कायम करायचं नाही, हा प्रकार आपल्या क्षेत्रातल्यांना नवीन नाही! त्याने व्यापार केला, त्यात चांगला जम बसवला, मग मनिलात सगळं सोडून तो फ्रान्सिस्कन झाला. पाद्री नाही, साधा ब्रदर.

1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर तो जपानला परतला, दुभाषा म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीपुढे बाप्तिस्तांचं म्हणणं मांडायचं ते गोन्सालोने. क्योतोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला. 1596 मध्ये एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, त्यातल्या मालावरून वाद पेटला, आणि हे धर्मगुरू म्हणजे स्पेनच्या फौजेची आघाडी, असा संशय हिदेयोशीला आला. 26 जणांना पकडलं. डाव्या कानाची पाळी कापून, ऐन थंडीत क्योतोहून नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर दिलं. त्यांत 20 जण जपानीच होते.

1862 हे साल मला फार आवडतं. जानेवारीत तार्बच्या बिशपांनी बर्नादेतला मरियामातेचं दर्शन झाल्याचं मान्य केलं, आणि जूनमध्ये पोप नववे पायस यांनी गोन्सालोसह या 26 जणांना संत म्हणून जाहीर केलं. त्यांच्याच नावाने नागासाकीत ओउरा चर्च उभं राहिलं. 1865 च्या मार्चमध्ये उराकामीचे काही गावकरी तिथल्या फ्रेंच पाद्र्याकडे आले आणि त्यांनी हळूच विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? बंदी असताना अडीचशे वर्षं धर्मगुरूंविना, लपूनछपून त्यांनी ही श्रद्धा जपली होती.

2018 मध्ये कामासाठी फुकुओकाला गेले होते, तेव्हा एक रविवार काढून नागासाकी गाठलं. टेकडी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. भिंतीवर ओळीने 26 कांस्यमूर्ती आहेत. त्या ओळीचा फोटो मी तिथूनच आपल्या त्या वसईच्या मैत्रिणीला पाठवला आणि खाली लिहिलं, "नववीतल्या हसण्याबद्दल सॉरी."

रात्री उत्तर आलं. "आमच्याकडे सणाला ये. आणि त्या दिवशी सर पण हसले होते, त्यांनाही घेऊन ये."

सर, तुम्हीही हे वाचत असालच. कधी निघायचं?