प्रश्न कोणाचे? एका हस्तपुस्तिकेच्या आराखड्याविषयी

संगणकप्रणालीची हस्तपुस्तिका हा लेखनप्रकार साहित्याच्या अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटतो. वस्तुतः वाचक कोण, त्याला काय ठाऊक आहे आणि त्याला कशाचे भय वाटते, याचा निर्णय अशा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतच झालेला असतो. ओरायली प्रकाशनाने 2004 साली काढलेले ‘व्हर्जन कंट्रोल विथ सबव्हर्जन’ हे पुस्तक या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे एखाद्या संहितेत कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद ठेवणे आणि हवा तो जुना पाठ परत मिळवण्याची सोय करणे. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी 1972 साली रचलेली एससीसीएस ही अशा प्रणालींपैकी आरंभीची. पुढे 1980च्या दशकात वॉल्टर टिची यांची आरसीएस आणि डिक ग्रून यांची सीव्हीएस आली. सीव्हीएसची जागा घेऊ शकेल अशी प्रणाली हवी म्हणून कोलॅबनेट या कंपनीने 2000 साली सबव्हर्जनचे काम हाती घेतले. बेन कॉलिन्स-ससमन, ब्रायन फिट्झपॅट्रिक आणि सी. मायकेल पिलाटो हे तिच्या विकासकांपैकी. तेच या पुस्तकाचेही लेखक.

कर्ता आणि भाष्यकार एकच असला की एक धोका संभवतो : यंत्राच्या रचनेचा क्रम हाच वाचनाचा क्रम ठरतो. येथे तसे झालेले नाही. प्रणालीची अंतर्गत घडण सांगणारे प्रकरण पहिल्या आवृत्तीत बरेच शेवटी येते. मूलभूत संकल्पनांच्या प्रकरणात मात्र हॅरी आणि सॅली ही दोन पात्रे भेटतात. दोघे एकच फाइल उघडतात, दोघे तीत बदल करतात. नंतर जतन करणाऱ्याच्या हातून आधीच्याचे काम नकळत पुसले जाते. आज्ञांची ओळख होते ती यानंतर. केलेले काम नाहीसे होण्याचे भय आधी, त्यावरचा उपाय मागाहून. सीव्हीएसला सरावलेल्यांच्या शंका परिशिष्टात ठेवल्या आहेत. कारण नवख्या वाचकाला जुन्या सवयींचे ओझे कशाला?

पुस्तकाची प्रस्तावना कार्ल फोगेल यांची. सीव्हीएसवरचे त्यांचे पुस्तक 1999 सालचे. वाचक खरोखर विचारतात ते प्रश्न आणि त्यांनी विचारावेत असे लेखकाला वाटते ते प्रश्न, यांतला भेद त्यांनी प्रस्तावनेत नेमका दाखवला आहे. हा भेद आपल्यालाही परका नाही. क्रमिक पुस्तकातल्या धड्याखालचे स्वाध्याय आठवावेत : त्यांतले किती प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उमटलेले असतात आणि किती आपणच त्याच्या तोंडी घातलेले?

या पुस्तकाची संहिताही सबव्हर्जनमध्येच ठेवलेली होती. मुक्त परवान्यामुळे ते कोणालाही विनामूल्य वाचता आले, त्याची भाषांतरे झाली. छापील प्रत एका क्षणी थांबते. या संहितेचे पाठभेद मात्र कर्त्याच्या नावासह नोंदले जात राहिले.

2005 साली गिट आले आणि पुढे सबव्हर्जन मागे पडले. पुस्तकातल्या आज्ञांचा उपयोग त्याबरोबर ओसरला. तरीही त्याचा आराखडा जुना झाला असे म्हणवत नाही. आपण शिकवतो तो क्रम विषयाच्या सोयीचा की वाचकाच्या अडचणीचा, हा प्रश्न त्याने मागे ठेवला आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाला नव्याने द्यावे लागते.