देव न मानणाऱ्यांचा समाज टिकेल काय? : पिएर बेल यांचा विचार

'देवाचा धाक नसेल तर माणूस नीतीने वागेलच कशाला?' हा प्रश्न बौद्ध तरुणांना नेहमी ऐकावा लागतो. युरोपातील ख्रिस्ती समाजातही तो शतकानुशतके विचारला गेला. त्याला रोखठोक उत्तर देणाऱ्यांत फ्रेंच विचारवंत पिएर बेल (१६४७–१७०६) यांचे नाव महत्त्वाचे आहे.

बेल हे प्रोटेस्टंट पाद्र्याचे पुत्र. १६८० साली मोठा धूमकेतू दिसला आणि लोक त्याला दैवी कोपाची खूण मानू लागले. ही अंधश्रद्धा खोडून काढणारे त्यांचे पुस्तक १६८२ मध्ये निघाले. त्यातच त्यांनी मांडले की, निरीश्वरवाद्यांचा समाजही व्यवस्थित चालू शकतो. माणूस आपल्या तत्त्वांप्रमाणे वागतो हेच मुळात त्यांना मान्य नव्हते. स्वभाव, सवय, वासना, अब्रूची चाड आणि कायद्याचा धाक हेच माणसाला चालवतात. क्रुसेडचे सैनिक श्रद्धावानच होते, तरी त्यांनी अत्याचार केले. उलट देवांची भीती न बाळगणारा एपिक्युरस सदाचाराने जगला.

याची किंमत त्यांच्या घरानेही मोजली. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे संरक्षण काढून घेतले. बेल तेव्हा रॉटरडॅममध्ये होते; फ्रान्समधील त्यांचे पाद्री भाऊ याकोब त्याच वर्षी तुरुंगात वारले. तुरुंगात टाकणारेही ख्रिस्तीच होते! तरीही बेल यांना नास्तिक ठरवण्याची घाई नको. ते अखेरपर्यंत आपल्या चर्चमध्येच राहिले, आणि त्यांच्या श्रद्धेविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

सहिष्णुतेचे पुरस्कर्ते जॉन लॉक यांनी मात्र १६८९ मध्ये नास्तिकांना वगळले: त्यांच्या शपथेवर विश्वास कसा ठेवायचा? इंग्लंडमध्ये ही अडचण फार काळ टिकली. १८८० साली निवडून आलेले नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ यांना शपथेच्या वादामुळे १८८६ पर्यंत संसदेत रीतसर बसता आले नाही. १८८८ च्या कायद्याने देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मोकळीक मिळाली. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्ही पर्याय आहेत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धम्मामध्ये देवाची जागा नीतीला दिली. इथवर बेल यांच्याशी त्यांचे जुळते. पण बेल कायदा आणि लोकलज्जेवर थांबतात. बाबासाहेबांना तेवढे पुरेसे वाटत नाही. धम्माशिवाय नुसत्या पोलिसांच्या बळावर चालणारा समाज म्हणजे त्यांच्या मते हुकूमशाहीच.