दंडगोलाकार आकाशकाचा गणितीय सिद्धांत

दंडगोलाकार आकाशक : रेडिओ तरंगांचे प्रक्षेपण वा ग्रहण करणारी सरळ, वर्तुळाकार छेदाची संवाहक सळई किंवा तार. तिच्यावर विद्युत् प्रवाहाची वाटणी कशी होते, हा या सिद्धांतातील मूलभूत प्रश्न होय. कारण ती कळल्यास आकाशकाचा संरोध व प्रारणाचे दिशानुसार प्रमाण काढता येते.

हेन्री पॉक्लिंग्टन यांनी १८९७ मध्ये बारीक तारेवरील प्रवाहाचे समीकरण मांडले व प्रवाह जवळजवळ ज्या-वक्राप्रमाणे बदलतो, असे दाखविले. या गृहीतावरून मध्यभागी विद्युत् पुरवठा केलेल्या अर्धतरंग आकाशकाचा प्रारणरोध सु. ७३ ओहम येतो व तो व्यवहारात उपयोगी पडतो. मात्र आकाशकाची लांबी एक पूर्ण तरंगलांबी असल्यास याच गृहीतानुसार मध्यबिंदूशी प्रवाह शून्य, म्हणजे संरोध अनंत ठरतो. प्रत्यक्षात तो सांतच असतो. सळईची जाडी दुर्लक्षिल्याचा हा परिणाम होय.

ही उणीव दूर करण्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक हालेन यांनी १९३८ मध्ये समाकल समीकरण मांडले. त्याचे उत्तर त्यांनी लांबी व त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमावर आधारलेल्या श्रेढीने काढले. अमेरिकेत रोनल्ड किंग व डेव्हिड मिडल्टन यांनी १९४६ मध्ये या पद्धतीत सुधारणा केली.

गणित सुलभ व्हावे म्हणून पृष्ठभागावरील प्रवाह अक्षावरच वाहतो असे मानण्याची प्रथा पडली. त्यामुळे उद्गमबिंदू व निरीक्षणबिंदू यांतील अंतर त्रिज्येहून कमी होत नाही आणि समाकलातील अनंत मूल्य टळते. संगणकांचा प्रसार झाल्यावर तारेचे लहान खंड कल्पून समीकरण सोडविण्याची परिबल पद्धती रूढ झाली. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ मधील ग्रंथाने तिला व्यापक रूप दिले. खंड जितके अधिक तितके उत्तर अचूक, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु येथे खंड त्रिज्येच्या मानाने फार लहान केल्यास टोकांशी प्रवाहाची मूल्ये निरर्थक रीत्या वरखाली होऊ लागतात. जॉर्ज फिकिओरिस व ताई त्सुन वू यांनी २००१ मध्ये याचे कारण स्पष्ट केले : सुलभ केलेल्या समीकरणाला काटेकोर अर्थाने उत्तरच नसते. दोष संगणकाचा नसून गृहीतातील आहे. म्हणून असे समीकरण वापरताना खंडाची लांबी त्रिज्येच्या मानाने पुरेशी मोठी ठेवतात; सळई जाड असल्यास प्रवाह पृष्ठभागावरच धरून मूळ समीकरण सोडविणे इष्ट ठरते.