काळ्या मखमलींतील गृहस्थ

सकाळच्या कोंवळ्या उन्हांत बंगल्याच्या ओट्यावर उभें राहून काल सायंकाळीं नीटनेटकी कापलेली हिरवळ पाहावी, आणि तिच्या मधोमध काळ्या, भुसभुशीत मातीचे सात-आठ ढीग उठलेले दिसावेत, यासारखा उद्यानप्रिय गृहस्थाचा हिरमोड दुसरा नाहीं. रात्रीं कोणी आलें नाहीं, कोणी गेलें नाहीं. कुंपण शाबूत आहे, कुत्रा भुंकलेला नाहीं. आणि तरी जमिनीला जणूं एका रात्रींत देवी आल्या आहेत! पुण्या-मुंबईकडे हा उद्योग बहुधा घुशीचा असतो. इंग्लंडांत तो ‘मोल’ नांवाच्या प्राण्याचा असतो. आणि वीतभरही लांब नसलेल्या या जनावराशीं त्या देशानें साडेचारशें वर्षांहून अधिक काळ जें युद्ध चालविलें, त्याची हकीकत मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणारीही आहे.

मोल महाराष्ट्रांत आढळत नाहीं, म्हणून मराठींत त्याला स्वतःचें असें रूढ नांव नाहीं. चिचुंद्रीशीं त्याचें दूरचें नातें आहे. उंदराच्या कुळाशीं मात्र त्याचा संबंध नाहीं. त्याची लव मखमलीसारखी असून ती पुढें-मागें कोणत्याही बाजूस वळते. त्यामुळें अरुंद भुयारांत उलट पावलीं सरकतांनाही त्याला अडचण पडत नाहीं. डोळे टांचणीच्या डोक्याएवढे, पुढचे पंजे फावड्यासारखे रुंद, आणि त्या पंजांत अंगठ्याच्या शेजारीं आणखी एका हाडाचा आधार. भक्ष्य मुख्यतः गांडुळें. तीं चावा घेऊन लुळीं करावयाचीं आणि जिवंतच कोठारांत सांठवावयाचीं, अशी त्याची बेगमीची रीत आहे. तो गवत खात नाहीं, मुळेंही खात नाहीं. वर दिसणारे ढीग म्हणजे भुयार खणतांना बाहेर लोटलेली माती, इतकेंच. पूर्वीच्या इंग्रजींत त्याला ‘मोल्डवॉर्प’ म्हणजे ‘माती फेकणारा’ असें म्हणत, तें नांव यथार्थ होतें.

या युद्धाची सरकारी नोंद इ. स. १५६६ मध्यें सांपडते. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या त्या राजवटींत धान्यरक्षणाचा एक कायदा झाला. पिकांना उपद्रव देणाऱ्या पशुपक्ष्यांचीं डोकीं आणून दाखविणारास प्रत्येक गांवच्या चर्चच्या कारभाऱ्यांनीं ठराविक बक्षीस द्यावें, असें त्यांत फर्मावलें होतें. तीन उंदरांना किंवा बारा लहान उंदीरपिलांएवढ्या मूषकांना एक पेनी, आणि एका मोलाला अर्धी पेनी, असा दर होता. म्हणजे कायद्याच्या बाजारांत एका मोलाचें मोल दीड उंदराएवढें ठरलें! पुढें गांवोगांवीं मोल पकडणारे धंदेवाईक लोक निर्माण झाले आणि कित्येक गांवें त्यांना वर्षाच्या बोलीनें नेमूं लागलीं. त्या काळीं मोलावरचा राग सकारण होता. गवताच्या कुरणांत कापणी चालली असतां विळ्याचें लांब पातें या ढिगांवर आपटून बोथट होई, आणि चाऱ्यांत माती मिसळे. ज्याचीं गुरें हिंवाळाभर त्या चाऱ्यावर जगावयाचीं, त्या शेतकऱ्याला ढीग म्हणजे प्रत्यक्ष नुकसान होतें.

तथापि मोलाची खरी कीर्ति शेतांत नव्हे, तर राजकारणांत झाली. इ. स. १७०२ च्या फेब्रुवारी महिन्यांत इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम रपेटीस निघाला असतां त्याचा घोडा अडखळला आणि राजा खालीं पडून त्याच्या गळ्याजवळचें हाड मोडलें. घोड्याचा पाय मोलाच्या ढिगांत रुतला, असें परंपरा सांगते. प्रकृति मूळचीच नाजूक. त्यांत फुफ्फुसाचा विकार बळावला आणि ८ मार्च रोजीं केन्सिंग्टनच्या राजवाड्यांत, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. विल्यमनें १६८८ सालीं आपला सासरा दुसरा जेम्स यास पदच्युत करविलें होतें. त्या जेम्सच्या पक्षाचे लोक यानंतर मेजवानीच्या वेळीं पेला उंचावून ‘काळ्या मखमलींतील छोट्या गृहस्थाच्या’ आरोग्याची इच्छा करूं लागले. जें काम त्यांच्या तलवारींना साधलें नाहीं, तें एका आंधळ्यासारख्या जनावरानें केलें, हा त्यांतला गर्भितार्थ. परंतु त्यांच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं; जेम्सचा मुलगा गादीवर न येतां राज्य ॲन राणीकडे गेलें. शत्रूच्या अपघातावर उभारलेल्या आशा बहुधा अशाच विरतात.

मोलाला मारावयाचें तर आधीं त्याला ओळखलें पाहिजे, ही गोष्ट फ्रान्समधील ल कूर नांवाच्या एका मोल-पारध्यानें दाखवून दिली. कादे द व्हो या लेखकानें १८०३ सालीं मोलावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो ल कूरच्या अनुभवावर आधारलेला होता. मोलाचीं उथळ भुयारें रोज बदलतात. परंतु निवासापासून शिकारीच्या जागेपर्यंत जाणारा त्याचा एक खोल, कायमचा हमरस्ता असतो, आणि सापळा मांडावयाचा तो त्या हमरस्त्यावरच, हें त्याच्या विद्येचें सार. मोलाचा वेग मोजण्याची त्याची युक्ति तर अत्यंत गमतीची आहे. त्यानें भुयारांत ठराविक अंतरांवर गवताच्या काड्या खोंवल्या, प्रत्येकीच्या टोंकाला कागदाची चिमुकली पताका लाविली, आणि भुयाराच्या एका टोंकाशीं शिंग फुंकलें. आंतला मोल घाबरून पळत सुटला आणि वरच्या पताका एकीमागून एक भराभर पडत गेल्या! शत्रूविषयीं इतकें कुतूहल बाळगणारा हा मनुष्य त्याचा वैरी होता कीं चाहता, असा प्रश्न पडतो.

यानंतर एक निराळीच घटना घडली आणि मोलाच्या अपराधाचें स्वरूपच पालटलें. गुळगुळीत हिरवळ ही तोंपर्यंत श्रीमंतांची चैन होती. मेंढ्या चारून किंवा विळेवाल्या मजुरांचा तांडा लावूनच ती राखावी लागे. ग्लॉस्टरशायर परगण्यांतील थ्रप या गांवीं एडविन बडिंग नांवाचा एक यंत्रकार होता. लोंकरी कापडावरची लव कातरून तें सारखें करणारें फिरत्या पात्यांचें यंत्र त्यानें गिरणींत पाहिलें होतें. कापडाची लव जर अशी कातरतां येते तर जमिनीची कां नाहीं, असा विचार त्याच्या मनांत आला, आणि १८३० सालीं त्यानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. दोनच वर्षांत इप्सविचच्या रॅन्सम कारखान्यानें तें यंत्र परवान्यानें बनविण्यास आरंभ केला. हळूहळू मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या घरापुढेंही मखमलीसारखी हिरवळ दिसूं लागली. आतां मोल कोणाचा चारा नासवीत नव्हता. तो केवळ शोभा बिघडवीत होता. परंतु शोभा बिघडविणारास मिळणारी शिक्षा नुकसान करणारापेक्षां सौम्य झाली नाहीं, उलट कठोर झाली.

यांतला विरोध चार्ल्स डार्विनच्या एका ग्रंथामुळें स्पष्ट होतो. आयुष्याच्या अखेरीस, १८८१ सालीं, त्यानें गांडुळांवर पुस्तक लिहिलें. बागेच्या एका एकरांत त्रेपन्न हजारांहून अधिक गांडुळें असूं शकतात, हा हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाचा हिशेब त्यांत दिला आहे, आणि हीं मुकीं श्रमिक मंडळी जमीन सतत उलथीपालथी करून कसदार ठेवितात, असें डार्विननें सप्रमाण दाखविलें. म्हणजे हिरवळ जितकी सकस, तितकीं गांडुळें अधिक; आणि गांडुळें जितकीं अधिक, तितका मोलाला तो भुईतळ प्रिय. मोलाचें आगमन हें माळ्याच्या निष्काळजीपणाचें नव्हे, तर त्याच्या यशाचें प्रशस्तिपत्रक ठरतें! विसाव्या शतकांत कित्येकांनीं या शास्त्राचा अर्थ उलटाच लाविला. शिशाचें आर्सेनेट आणि पुढें क्लोरडेन असलीं जहाल द्रव्यें हिरवळींवर शिंपडून त्यांनीं गांडुळेंच मारलीं. चोर येऊं नये म्हणून घरांतलें धान्य जाळावें, त्यांतलाच हा प्रकार होय.

याहून क्रूर उपाय स्ट्रिक्निनचा. या विषाचा महाराष्ट्राशीं संबंध आहे. कोंकणांत ज्याला काजरा म्हणतात आणि वैद्यकांत ज्याला कुचला हें नांव आहे, त्या झाडाच्या चपट्या, गोल बियांत तें असतें. पेलतिए आणि काव्हांतू या दोघां फ्रेंच रसायनज्ञांनीं १८१८ मध्यें तें प्रथम वेगळें काढलें, आणि हिंदुस्थानांतून या बिया परदेशीं मोठ्या प्रमाणांत जाऊं लागल्या. इंग्लंडांत गांडुळांना हें विष लावून तीं मोलाच्या भुयारांत सोडीत. स्ट्रिक्निननें येणारें मरण म्हणजे सर्वांगाला पीळ पाडणाऱ्या आंचक्यांचें मरण. ब्रिटिश पार्लमेंटनें १९६२ सालीं क्रूर विषांविरुद्ध कायदा केला, आणि पुढल्याच वर्षीं त्यान्वयें सस्तन प्राण्यांना हें विष घालण्यास मनाई झाली. अपवाद फक्त एक ठेविला, तो मोलाचा. उंदराला जें मरण देणें अमानुष ठरलें, तें मोलाला देण्याची मुभा पुढें त्रेचाळीस वर्षें राहिली. शेवटीं सप्टेंबर २००६ मध्यें तीही बंद झाली. त्यानंतर तेथें शिकलेल्या माणसानें हमरस्त्यावर मांडावयाचा सापळा, आणि प्रशिक्षितांनींच वापरावयाचा विषारी वायु, हे मार्ग उरले. म्हणजे फिरून फिरून गाडी ल कूरच्याच विद्येपाशीं आली.

लसूण, डांबराच्या गोळ्या, वाऱ्यानें वाजणाऱ्या बाटल्या, असे घरगुती तोडगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांनीं मोल फार तर चार हात सरकतो. शिवाय मोल एकलकोंडा असल्यानें एक मेला कीं त्याचीं आयतीं भुयारें शेजारचा दुसरा बळकावतो. यास्तव या युद्धांत विजय असा कधींच मिळत नाहीं. तात्पुरता तह तेवढा होतो. आणि आश्चर्य हें कीं, ज्या समाजानें मोलासाठीं हा अपवाद राखून ठेविला, त्याच समाजांत केनेथ ग्रॅहमनें १९०८ सालीं ‘द विंड इन द विलोज’ हें पुस्तक लिहून एका साध्याभोळ्या मोलाला मुलांचा लाडका नायक केलें. रात्रीं मुलाला त्याची गोष्ट वाचून दाखवावयाची आणि सकाळीं अंगणांत त्याच्यासाठीं विष पेरावयाचें, असे दोन्ही विधि एकाच घरांत निर्वेधपणें चालले.

महाराष्ट्रांतील घुशीची गोष्ट निराळी आहे. इंग्रजींतलें तिचें ‘बँडिकूट’ हें नांव तेलुगूंतील ‘पंदि-कोक्कु’ म्हणजे ‘डुकरी उंदीर’ या शब्दावरून आलें. घूस गांडुळांसाठीं येत नाहीं. ती धान्य, कंदमुळें आणि खरकटें यांच्यासाठीं येते. मुंबईच्या महानगरपालिकेनें हातीं काठी आणि विजेची बत्ती देऊन रात्रपाळीचे मूषकसंहारक नेमले, तेव्हां एलिझाबेथ राणीच्या कायद्याचाच तो दूरचा प्रतिध्वनि होता. परंतु घुशीच्या बिळाचें एक तोंड हिरवळींत असलें, तरी कारण बहुधा मोरीशीं, उकिरड्याशीं किंवा कोठीच्या दारांतल्या फटीशीं असतें. तेथील अन्न बंद केल्यावांचून अंगणांतलें बीळ बुजविणें म्हणजे गळक्या घागरीला बाहेरून पुसत बसणें होय. शत्रू कोणता, तो कशासाठीं येतो आणि खरें नुकसान किती, हे तीन प्रश्न आधीं सोडवावेत. सापळ्याचा विचार त्यानंतरचा.

राहतां राहिली ती ढिगांची माती. इंग्लंडांतले जुने माळी ती पायानें तुडवीत नाहींत, कारण तुडविल्यानें गवत गुदमरतें. मोलानें ती खालून निवडून, बारीक करून वर आणलेली असते. म्हणून ते ती अलगद टोपलींत भरतात आणि नव्या रोपांच्या कुंड्यांना घालतात.