लिंबू, खडीसाखर आणि कोनाड्यातला कप

दिघीत थंडी पडली की आधी कळतं ते दत्तगडाकडून येणाऱ्या वाऱ्यावरून. गेल्या शनिवारी सकाळी असाच वारा सुटला होता, घसा धरलेला, नाक चोंदलेलं. बाहेर आळंदी रस्त्यावर ट्रकांची घरघर चालू होती आणि मी दोन स्वेटर घालून ओट्यापाशी उभा होतो. हातात आईने दिलेली उपासाच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. आता लोणच्याचा आणि इतिहासाचा काय संबंध, असं वाटेल. तेच सांगायला बसलोय.

झालं असं की, शुक्रवारी ऑफिसात चहाच्या मशिनपाशी वाद रंगला. एकजण म्हणाला, "अरे, मसाला चहा आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहे, आयुर्वेदात आहे." दुसरा म्हणाला, "काहीतरीच काय! चहा इंग्रजांनी आणला, आधी फुकट वाटला आणि मग सवय लावली." नेहमीप्रमाणे दोघांनीही आपापले मोबाईल काढले आणि नेहमीप्रमाणे दोघांनाही आपापल्या बाजूचं काहीतरी सापडलं. मी गप्प बसलो, कारण मला तिसरीच गोष्ट आठवत होती.

जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री १६८९ साली जहाजाने हिंदुस्थानकडे निघाला. त्याने सुरतेच्या प्रवासावर लिहिलेलं पुस्तक १६९६ मध्ये लंडनला छापलं गेलं. (याच माणसाने पुढे १६९९ मध्ये फक्त चहावर एक पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्यातलाच!) सुरतेचे वाणी चहा कसा पितात, ते त्याने लिहून ठेवलंय: पाण्यात गरम मसाला उकळायचा, त्यात चहा, गोडीला खडीसाखर आणि जे जास्त हौशी ते त्यात मुरवलेली लहान लिंबं घालतात. डोकेदुखीवर आणि पोटातल्या मुरड्यावर हा चहा चांगला, अशी समजूत असल्याचंही तो सांगतो. दुधाचा उल्लेख नाही.

म्हणजे वाद घालणारे दोघेही अर्धे बरोबर. मसाला घालून चहा उकळणं ही इंग्रजांची शिकवण नव्हे, उलट इंग्रजच ते बघून लिहून घेत होता. पण हजारो वर्षांचा वगैरेही काही नाही, कारण ती पानं चीनची होती आणि समुद्रावरून येत होती. सुरत हे तेव्हा मोठं बंदर. महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली ती हीच सुरत. त्याच्याही आधी, १६३८ मध्ये, मँडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेत होता. इंग्रजांच्या वखारीत रोजच्या बैठकीला चहा घेतला जायचा, असं तो सांगतो, आणि तोही त्याला पोट साफ करणारं औषधच मानतो. थोडक्यात, चहा आपल्या किनाऱ्यावर उतरला तो काढा म्हणून.

आणि काढ्याचं लॉजिक आपल्याला नवीन नव्हतंच. आलं, मिरी, लवंग, दालचिनी, गवती चहा हे सगळं घरात होतं. एक नवीन पान आलं, ते त्याच पातेल्यात पडलं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या सिस्टिमला नवीन मोड्यूल जोडलं, बाकी कोड तसाच.

याच किनाऱ्यावरचं दुसरं पेय म्हणजे पंच. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात इकडे होता. हा तोच फ्रायर, जो १६७५ मध्ये इलाजासाठी जुन्नरला गेला होता, म्हणजे आपल्या चाकणच्याही पुढे. गोव्यात नेरूळला उत्तम मद्य गाळतात, किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पंच' बनवतात आणि पाच जिनसांवरून हे नाव पडलं, असं तो लिहितो. ही व्युत्पत्ती सगळ्यांना मान्य नाही. पण मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला ही पाच नावं मोजून बघा. मद्य काढून चहा घाला, की सुरतेच्या वाण्यांचा पेला तयार!

मग आपल्या चहातलं लिंबू गेलं कुठे?

माझा अंदाज असा की ते दुधाने घालवलं. लिंबातल्या आम्लाने दूध फाटतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. दोन्ही एका कपात नांदणं शक्य नाही. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९ मध्ये. पुढे मळे वाढले आणि गिऱ्हाईक कमी पडायला लागलं, तेव्हा १९०३ मध्ये चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्टेशनं, गिरण्या, कारखाने... कामगाराला चहाची सुट्टी द्या, तो जास्त काम करील, असा तो प्रचार. साहेबाला हवा होता पानं जास्त आणि दूध थोडं असा चहा. चहावाल्यांनी दूध, साखर आणि मसाला वाढवून पानं कमी केली. १९३० च्या सुमारास आसामात सीटीसी यंत्र आलं, बारीक दाणेदार चहा निघाला, आणि थोड्या भुकटीत कडक रंग यायला लागला. पुण्याचं अमृततुल्य आणि भोसरीच्या एमआयडीसीतली दहा आणि तीनची चहाची सुट्टी, दोन्ही या वाटेवरची. माझे बाबा तीस वर्षं तिथल्या एका कारखान्यात तो चहा प्यायले. दूध जिंकलं, लिंबू आजारपणापुरतं उरलं.

इथवर सगळं मजेचं आहे. पण चहाचा इतिहास शोधताना पुण्याची एक गोष्ट वाटेत येतेच, आणि तिथे मी अडकलो.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावणं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी (आनंदीबाईंचे पती) यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं! ख्रिस्त्याच्या हातचा चहा म्हणून ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांची बोलणी खाल्ली.

ही गोष्ट आपण कायम विनोदी म्हणून सांगतो. मीही सांगायचो. या वेळी वाचताना मात्र मला आमच्या गावच्या घरातला कोनाडा आठवला.

मागच्या दाराजवळच्या त्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. शेतावर कामाला येणाऱ्या एका आजोबांचा. आजी त्यात वरून चहा ओतायची. ते पायरीवर बसून प्यायचे, स्वतः कप विसळायचे आणि पालथा घालून ठेवायचे. मी सहा-सात वर्षांचा असेन. एकदा मीच घरातल्या स्टीलच्या पेल्यात त्यांना चहा नेऊन दिला. त्यांनी हात पुढे केला नाही. "कोनाड्यातला आण, बाळा," एवढंच म्हणाले. मी मागे बघितलं तर आजी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मी जाऊन कप आणला.

ही गोष्ट १९९० ची नव्हे, १८९० ची तर नव्हेच. या शतकातली आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये होऊन गेला होता.

पंचहौदच्या मंडळींना प्रायश्चित्ताची सोय तरी होती. पैसे भरले, विधी केला, पंगतीत परत. त्या आजोबांना कुठलं प्रायश्चित्त होतं? आणि ते कशाबद्दल घ्यायचं होतं? खरं तर घ्यायचं होतं आम्ही. ते कोणी घेतलं नाही.

शनिवारी आईला फोन केला होता, लोणच्यात मीठ किती आहे ते विचारायला. बोलता बोलता कपाचं विचारलं. ती जरा वेळ गप्प झाली. म्हणाली, "घर पाडलं तेव्हा गेला असेल. मला पटायचं नाही रे ते. पण मी सून होते."
"आणि आता?"
"आता काय विचारतोस. आता ते आजोबाही नाहीत."

असो. चहा कसा केला ते सांगतो, नाहीतर लेख अर्धा राहील. दोन कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. पाच मिनिटं उकळा. खडीसाखर घाला, लोणचं गोड असतं तेव्हा बेतानेच. गॅस बंद करून अर्धा चमचा चहा टाका आणि तीन मिनिटं झाका. उकळू नका, दूध नसताना कडवटपणा लगेच लागतो. गाळून घ्या आणि वरून उपासाच्या लोणच्यातली लिंबाची एक फोड. आम्लामुळे रंग डोळ्यांदेखत फिका होतो, घाबरू नका. किंचित खारट, किंचित आंबट, घशाला बरं वाटतं. ओव्हिंग्टनने मसाल्यांची नावं दिलेली नाहीत, ती माझी.

मी दोन कप केले होते. सोसायटीचा वॉचमन खाली शेकोटीपाशी बसला होता, एक त्याला नेऊन दिला, आमच्याच कपात. त्याने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "साहेब, दूध संपलंय का?"


पुढच्या वेळी त्याच्यासाठी दुधाचाच करणार आहे.